दामोदरच्या धरणातली रिकामी जागा

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की आपल्या ग्रुपांवर एक चित्र हमखास फिरते. पुढे बाबासाहेबांचा फोटो, मागे धरणाच्या दरवाजांतून कोसळणारे पाणी आणि खाली ओळ असते, 'भारताच्या जलनीतीचे जनक'. ओळ खोटी नाही. जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही बाबासाहेबांकडे होते. दामोदर, महानदी, सोन या नद्यांच्या योजनांची सुरुवात त्यांच्याच खात्यातून झाली. पण ते चित्र पुढे पाठवणाऱ्या कार्यकर्त्याला विचारून बघा, हे धरण कोणत्या नदीवर आहे, ते कशासाठी बांधले आणि आज त्याची अवस्था काय? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. उत्तर नसलेला अभिमान लवकरच भक्तीत बदलतो, आणि राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत काय इशारा दिला होता ते आपल्याला पाठ आहे.

म्हणून हा लेख दामोदर नदीवर, आणि त्यातही पंचेत या मातीच्या धरणावर.

दामोदर छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते, कोळशाच्या खाणींच्या मुलखातून बंगालमध्ये उतरते आणि बर्धमान ओलांडल्यावर एकदम दक्षिणेला वळून हुगळीला मिळते. वर उतार तीव्र, खाली जमीन सपाट. पठारावर दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाला की सगळे पाणी एकदम खाली येते. इंग्रज अधिकारी हिला 'बंगालचे दुःख' म्हणत. पण हे दुःख सगळ्यांच्या वाट्याला सारखे कधीच आले नाही. दामोदरचा इतिहास वाचताना मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच.

नदीच्या दोन्ही काठांना जमीनदारांच्या काळापासून मातीचे बांध होते. १८५५ मध्ये रेल्वे राणीगंजच्या कोळशापर्यंत पोहोचली. हा लोहमार्ग, ग्रँड ट्रंक रोड आणि बर्धमान शहर हे सगळे नदीच्या डाव्या बाजूला. दोन्ही बांध कायम ठेवले तर पुराच्या दाबाने डावा फुटण्याची भीती होती. मग सरकारने काय केले? १८५०च्या दशकाच्या उत्तरार्धात उजव्या काठाचा सुमारे २० मैलांचा बांध काढून टाकला. पाण्याला जायला जागा हवी होती, ती उजव्या काठावरच्या खेड्यांत शोधली. डावा काठ वाचवण्यासाठी उजवा काठ बुडवायचा, हे धोरण कागदावर आखून, खर्च मंजूर करून अमलात आणले गेले. तेव्हा पूर निसर्गाची आपत्ती आहे असे कुणी सांगितले तर त्याला दामोदरचा उजवा काठ दाखवावा. निसर्ग पाणी पाडतो. ते पाणी कुणाच्या घरात जाईल हे सत्ता ठरवते. गावकुस आणि गावकुसाबाहेरची सखल जागा ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षे उजवा काठ बुडत राहिला. १९१३ च्या पुरात नदीतून सेकंदाला साडेसहा लाख घनफुटांच्या आसपास, म्हणजे साडेसहा लाख क्युसेक पाणी वाहिले. तरीही दामोदर 'अखिल भारतीय' प्रश्न झाली नाही. ती झाली जुलै १९४३ मध्ये, बर्धमानजवळ अमीरपूरला डावा बांध फुटला तेव्हा. रेल्वे तुटली, ग्रँड ट्रंक रोड तुटला, कलकत्त्याचा उत्तर भारताशी संबंध तुटला. जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन ठेपले होते आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. आता मात्र सरकार हलले. बर्धमानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या सदस्यांत भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीचे चटके सोसलेला. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ मध्ये जसे एक स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले, तसे दामोदरसाठी हवे, असा आग्रह साहांनी धरला. आणि दिल्लीत हा विषय ज्यांच्या टेबलावर आला ते बाबासाहेब होते. बंगालच्या दोन सवर्ण पिढ्यांनी रडगाणे गायलेल्या नदीवर उपाय शोधायला शेवटी जातीने खाली ढकललेली दोन माणसे बसली होती, हे आपल्या पुस्तकांत फारसे सापडत नाही.

३ जानेवारी १९४५ आणि २३ ऑगस्ट १९४५, अशा दोन परिषदा कलकत्त्यात झाल्या. त्यांतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला झालेली बाबासाहेबांची भाषणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात आहेत. इंग्रजीत आहेत, पण अवघड नाहीत. वाचा. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. पुराकडे केवळ संकट म्हणून बघणे चूक आहे. जास्तीचे पाणी बांध घालून समुद्राकडे हाकलणे हा उपाय नाही, कारण पाणी ही लोकांची संपत्ती आहे आणि पाण्याच्या आधिक्यापेक्षा पाण्याच्या अभावाने माणसे जास्त भोगतात. म्हणून ते अडवा, साठवा, त्यातून वीज, सिंचन आणि जलवाहतूक उभी करा. नदी प्रांतांच्या सीमा मानत नाही, तेव्हा तिची व्यवस्थाही प्रांतांच्या भांडणात सोडता येणार नाही. रेल्वेचा विचार देशाच्या पातळीवर झाला आणि जलमार्ग मात्र प्रांतांवर सोडले गेले, ही चूक त्यांनी नेमकी दाखवली. धरणांच्या जागा तेव्हाच्या बिहारात, पुरापासून संरक्षण मिळणार बंगालला. दोघांच्या वर एक अधिकार नसेल तर हे गाडे पुढे जाणार नव्हते.

टेनेसी खोऱ्यातले अभियंता व्हूरदुइन यांना आणले गेले आणि त्यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये प्राथमिक आराखडा दिला. हा आराखडा नीट समजून घ्या, पुढचा सगळा घोळ इथूनच कळतो. त्यांनी १९१३ च्या पुराच्या दीडपट, म्हणजे १० लाख क्युसेकचा पूर गृहीत धरला. वर आठ धरणे बांधून त्यांच्यात हा पूर झेलायचा आणि खाली जास्तीत जास्त अडीच लाख क्युसेक सोडायचे. धरणे पूर कशी झेलतात? रिकामी राहून. जलाशयाचा खालचा भाग वीज आणि सिंचनासाठी भरायचा, पण वरचा मोठा भाग पावसाळ्यात मुद्दाम रिकामा ठेवायचा. पूर आला की तो या रिकाम्या जागेत थांबतो आणि नंतर हळूहळू खाली सोडला जातो. पूरनियंत्रणाच्या धरणात खरी किंमत या रिकाम्या जागेची असते.

आता प्रत्यक्षात काय झाले ते बघू. स्वातंत्र्य मिळाले, १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. विधेयक मांडले ते आपल्या पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांनी. ७ जुलै १९४८ ला महामंडळ अस्तित्वात आले. आठातली चार धरणे झाली: तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. बाकीची गळाली. बराकर नदीवरचे बालपहाडीचे धरण अजून कागदावरच आहे. तेनुघाटला धरण झाले, पण ते नंतर बिहार सरकारने आपल्या पाण्याच्या गरजेसाठी बांधले, पूर झेलायला त्यात राखीव जागाच ठेवली नाही.

चारच का? याचे उत्तर कायद्याच्या खर्चवाटपाच्या कलमांत सापडते. विजेचा भांडवली खर्च केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल या तिघांनी सारखा वाटून घ्यायचा. पूरनियंत्रणाचा खर्च मात्र १४ कोटींपर्यंत केंद्र आणि पश्चिम बंगालने निम्मा-निम्मा, आणि त्यावरचा सगळा एकट्या पश्चिम बंगालने. म्हणजे विजेला तीन धनी आणि शिवाय उत्पन्न. पुराला उत्पन्न नाही, आणि मर्यादेपलीकडे धनी एकच. रिकाम्या जागेचे बिल कुणाच्या नावावर फाडणार? बहुउद्देशी योजनेतला जो उद्देश पैसा देतो तो वाढला आणि जो फक्त माणसे वाचवतो तो आकसला. आज दामोदर खोरे महामंडळ म्हटले की लोकांना औष्णिक वीज केंद्रे आठवतात.

दुसरा घाव आणखी खोल होता. जी धरणे बांधली त्यांतही सगळी रिकामी जागा वापरता आली नाही. मैथन आणि पंचेत यांच्या भिंती पूर्ण पूरपातळीसाठी बांधल्या, पण त्या पातळीपर्यंत जमीन संपादित केलीच नाही. त्यामुळे जलाशय वरच्या पातळीला गेला की पाणी वरच्या अंगाच्या लोकांच्या शेतांत आणि घरांत शिरते. मग पाणी कमी ठेवा म्हणून वरून दबाव आणि सोडू नका म्हणून खालून दबाव. पठारावरून वाहून येणाऱ्या मातीने तळ भरत गेला तो वेगळाच.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण धरण म्हटले की सरसकट शिव्या घालणारेही आपल्यात आहेत. सप्टेंबर १९७८ मध्ये धरणांत येणारा लोंढा पावणेआठ लाख क्युसेकच्या आसपास होता आणि खाली सोडलेले पाणी पावणेदोन लाखांच्या आत राखले गेले. तरीही बंगाल बुडाला, कारण धरणांच्या खालच्या भागातही तुफान पाऊस झाला होता. ही अर्धवट धरणेसुद्धा नसती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. बाबासाहेबांची दिशा चुकली नव्हती, तिची अंमलबजावणी अर्ध्यावर सोडली गेली.

आता पंचेतच्या भिंतीकडे येऊ. तिलैया काँक्रीटचे, बाकीच्या तीन धरणांत मातीचा भराव आणि मध्ये दरवाजांचा काँक्रीटचा सांडवा. पंचेत साडेसहा किलोमीटरहून लांब आहे आणि त्यातली बहुतेक लांबी मातीची. मातीचे धरण म्हणजे कच्चे धरण असा आपल्याकडे समज आहे, तो बरोबर नाही. आत पाणी न झिरपणाऱ्या चिकण मातीचा गाभा, बाहेर जड मुरमाचे कवच, पाण्याकडच्या उताराला दगडी पिचिंग, पाझरलेले पाणी माती न नेता बाहेर पडावे म्हणून वाळूचे गाळणथर आणि पायथ्याशी निचऱ्याचे चर. हे नीट केले आणि नीट राखले तर असे धरण शतकभर टिकते. पण दोन गोष्टी त्याला चालत नाहीत. एक म्हणजे माथ्यावरून पाणी जाणे. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी ओसंडले तर ती बहुधा तग धरते, मातीची भिंत मात्र काही तासांत कापली जाते. दुसरी म्हणजे आतून होणारी गळती, जी आपल्याबरोबर मातीचे कण घेऊन जाते. पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवावे. गढूळ यायला लागले की वेळ थोडा उरला आहे असे समजावे.

११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू नदीवरचे दुसरे धरण फुटले तेव्हा मधला दगडी सांडवा उभाच राहिला आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भाग पाण्याने वाहून नेले. सांडवा जेवढ्या पुरासाठी आखला होता त्याच्या कितीतरी पट पाणी आले होते. हजारो माणसे गेली. म्हणूनच पंचेतसारख्या धरणावर पाणी धोक्याच्या पातळीकडे गेले की चालवणारा अभियंता दरवाजे उघडणारच. त्याने उघडलेच पाहिजेत, कारण मातीची भिंत गेली तर आसनसोल-दुर्गापूरचा सगळा पट्टा जाईल. म्हणजे वर झेलायला जागा जितकी कमी, तितका भिंतीचा जीव वाचवण्यासाठी खालच्या माणसांवर पाणी सोडण्याचा प्रसंग जास्त. धरणाची सुरक्षितता आणि खालच्या वस्तीची सुरक्षितता या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या आहेत, आणि त्या तशा राहाव्यात असे मूळ आराखड्यात नव्हते.

खाली कोण आहे? धरणांनी लहान पूर थांबवले, तसे दामोदरचे खालचे पात्र अरुंद झाले. आराखड्यातले अडीच लाख क्युसेक सोडा, त्याच्या निम्मे पाणीही खालच्या टोकाला आज सोसवत नाही. पात्रात वाळूची बेटे वर आली. बंगालीत त्यांना चर म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी, त्यांत नमोशूद्र कुटुंबांनीही, या चरांवर वस्ती केली. सुरक्षित जमीन आधीच कुणाच्या तरी मालकीची होती, यांच्या वाट्याला नदीचे पात्र आले. याच नमोशूद्रांच्या आणि जोगेंद्रनाथ मंडलांच्या बळावर बाबासाहेब १९४६ मध्ये बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले होते, हे विसरू नये. त्यांनी पाठवलेला माणूस घटना लिहून गेला, आणि त्याच माणसाने सुरू केलेल्या योजनेतल्या कपातीचे पाणी त्यांच्या झोपड्यांत शिरते.

आणि वर कोण होते? पंचेतच्या जलाशयात संथाळांची गावे गेली. त्यातल्या करबोना गावची बुधनी मेझान धरणावर मजुरी करत होती. ६ डिसेंबर १९५९ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, नेहरूंनी पंचेतचे उद्घाटन या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हातून करवले. फोटो देशभर छापून आले. त्या समारंभातल्या हारामुळे तिचे नेहरूंशी लग्न झाले, ते परजातीचे, असे म्हणून तिला समाजाने वाळीत टाकले. १९६२ मध्ये महामंडळातली नोकरीही गेली. राजीव गांधींच्या काळात, ऐंशीच्या दशकात, तिला पुन्हा कामावर घेतले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वारली. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला विस्थापन शिकवताना तिची कथा हळहळ म्हणून सांगितली जायची. मला त्यात हळहळीपेक्षा हिशेब दिसतो. राज्याने तिचे गाव घेतले आणि फोटोपुरते तिला पुढे केले, जातपंचायतीने तिची माणसे घेतली. बहिष्काराचे हत्यार फक्त ब्राह्मणी गावगाड्यातच असते असे मानणाऱ्यांनी याचाही विचार करावा. आणि आपणही एक प्रश्न टाळू नये: खोऱ्याच्या विकासाचा एवढा मोठा आराखडा झाला त्यात आदिवासींची संमती कुठे होती? बाबासाहेबांच्या नावाचा आधार घेऊन हा प्रश्न बंद करता येणार नाही. तसे केले तर आपण त्यांच्या पद्धतीने विचार करत नाही एवढेच सिद्ध होईल.

सप्टेंबर २०२४ मध्ये मैथन आणि पंचेतमधून पाणी सोडल्यावर बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी याला मानवनिर्मित पूर म्हटले, आणि पाणी सोडण्याचा निर्णय करणाऱ्या जलाशय नियमन समितीतून राज्याने आपले प्रतिनिधी काढून घेतले. केंद्राने आकडे पुढे केले. दोन्ही बाजूंनी महिनाभर भांडण केले. पण उरलेली धरणे का झाली नाहीत, संपादन का अडले, खालचे पात्र कुणी अडवले, यावर कुणी बोलले का? पूर मानवनिर्मित आहेच. मात्र तो त्या आठवड्यात दरवाजे उघडणाऱ्या अभियंत्याने निर्माण केलेला नाही, सत्तर वर्षांपूर्वी पैसे वाचवणाऱ्यांनी केला आहे. बाबासाहेबांना नेमकी हीच भीती होती, म्हणून तर प्रांतांच्या वरचा अधिकार हवा होता. आज त्या अधिकाराची समिती उरली आणि तिच्यातूनही लोक उठून जातात.

हे सगळे दूरच्या बंगालचे आहे असे समजू नका. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यातली बहुतेक मातीची. १२ जुलै १९६१ चे पानशेत पुणेकरांना आठवते, कारण त्यात पुणे बुडाले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास जीव गेले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. डावा काठ आणि उजवा काठ इथेही आहेत.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा आता हातात आहे. १५ मीटरहून उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लागू होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. धरण फुटले किंवा मोठा विसर्ग झाला तर कुठवर पाणी जाईल, कुणाला कसे कळवायचे, कुठून बाहेर काढायचे याचा आपत्कालीन कृती आराखडा कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांत प्रत्येक धरणमालकाने करायचा आहे. बुडालेल्यांना भरपाई मिळण्याची तरतूद मात्र त्यात नाही, आणि १० मीटरहून कमी उंचीचे गावतलाव, पाझर तलाव कायद्याच्या बाहेरच राहतात. आपल्या बहुतेक वस्त्या अशाच तलावांच्या खाली, ओढ्याकाठच्या गावठाणाबाहेरच्या जमिनीवर आहेत.

पुढच्या १४ एप्रिलला धरणाचे चित्र पाठवायचे असेल तर त्याबरोबर एक माहिती अधिकाराचा अर्जही टाका. आपल्या तालुक्यातल्या मातीच्या धरणाची गेल्या दोन पावसाळ्यांतली तपासणी कधी झाली, तिचा अहवाल काय, पायथ्याच्या गळतीची नोंदवही कुणाकडे आहे, दुरुस्तीला किती निधी आला आणि किती खर्च झाला, आपत्कालीन आराखड्याच्या नकाशात आपली वस्ती कोणत्या रंगात दाखवली आहे, आणि त्या वस्तीतल्या किती घरांना हे सांगितले गेले आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर तेही लागत नाहीत.